शत्रूची तक्रार खरी असेल तर? : ‘रेनबोमॅन’ या जपानी मालिकेविषयी



पत्रिकेत आजचा विषय वाचून काहींना नक्की हसू आलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता उतारवयात हे गृहस्थ मुलांच्या मालिकांवर बोलणार! तर आधीच सांगून टाकतो, आम्ही गमतीजमती सांगायला आलेलो नाही. आम्हांला एक प्रश्न विचारायचा आहे आणि तो नीतिशास्त्रातला आहे. आपल्यासमोर उभा असलेला शत्रू दुष्ट आहे, पण आपल्याविरुद्धची त्याची मूळ तक्रार मात्र खरी आहे. अशा शत्रूशी लढायचं कसं? त्याला हरवलं म्हणजे त्याच्या तक्रारीचंही उत्तर दिलं, असं होतं का? पन्नास वर्षांपूर्वी जपानमधल्या एका मालिकेने हा प्रश्न सात-आठ वर्षांच्या मुलांपुढे ठेवला. तो कसा ठेवला आणि मग त्याचं काय केलं, हे आज पाहू.

मालिकेचं नाव ‘आइ नो सेन्शी रेनबोमॅन’, म्हणजे ‘प्रेमाचा योद्धा रेनबोमॅन’. ६ ऑक्टोबर १९७२ ला ती सुरू झाली आणि २८ सप्टेंबर १९७३ ला संपली. एकूण ५२ भाग. निर्मिती तोहो कंपनीची, म्हणजे ज्यांनी गॉडझिला पडद्यावर आणला त्यांची. तो काळ जपानी दूरदर्शनवर रूप पालटणाऱ्या नायकांचा होता. १९७१ मध्ये ‘कामेन रायडर’ आली आणि मुलांना वेड लागलं. तिच्यातल्या खलनायकांना जग जिंकायचं असतं. आता बघा, जग जिंकू पाहणाऱ्या माणसाची आपल्याविरुद्ध काही तक्रार नसते, त्याला फक्त हाव असते. त्यामुळे त्याला मारताना आपल्याला काही वाटत नाही. ‘रेनबोमॅन’ वेगळी पडते ती इथे.

नायकाचं नाव ताकेशी यामातो. यामातो हे जपानचंच जुनं नाव, तेव्हा हा मुलगा कोणाचा प्रतिनिधी आहे ते जपानी प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. पोरगा कुस्तीगीर, अंगात रग, स्वभावाने आडदांड. बहिणीचा पाय अधू आहे, तिच्या शस्त्रक्रियेला पैसे हवेत. आपण बलवान झालो तर व्यावसायिक कुस्तीत पैसा मिळेल, या हिशेबाने तो निघतो आणि येतो कुठे? भारतात. इथल्या डोंगरांत ‘दाइबा दात्ता’ नावाचा एक वृद्ध योगी आहे, त्याच्याकडे. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या आणि मालिकेतला भारतही युद्धाच्या छायेतलाच आहे. शिष्य मागतो ताकद. गुरूला हवा असतो शांततेसाठी झगडणारा माणूस. या दोघांच्या हेतूंमधलं अंतर हीच मालिकेची सुरुवात.

ही कथा रचणारे कोहान कावाउची. जन्म १९२० चा, होक्काइदोमधल्या हाकोदाते गावचा, घर निचिरेन पंथाच्या मंदिरातलं. १९५८ मध्ये त्यांनी ‘गेक्को कामेन’ हा नायक निर्माण केला. जपानी दूरदर्शनवरच्या नायकांचा तो आद्य पुरुष. पांढरा वेश, डोक्याला फेटा, मोटारसायकल. पण त्याच्या मागची कल्पना आली आहे चंद्रप्रभ बोधिसत्त्वावरून. भैषज्यगुरू बुद्धाच्या बाजूला उभा असणारा हा साहाय्यक. म्हणून कावाउचींचा नायक स्वतःला न्याय म्हणवत नाही, तो ‘न्यायाचा सोबती’ असतो. हा फरक लहान नाही. जो स्वतःलाच न्याय समजतो त्याला समोरच्याचं ऐकून घ्यायची गरज उरत नाही. सोबत्याला ऐकावं लागतं. द्वेष करू नये, मारू नये, क्षमा करावी, हे त्या नायकाचं ब्रीद होतं. ही कसोटी कावाउचींनी स्वतःच स्वतःला लावून घेतलेली आहे. आम्ही बाहेरून काही आणत नाही.

आता रूपांतराचा मंत्र. ताकेशी रूप पालटताना जे उच्चारतो ते ऐकून आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. तो म्हणतो, ‘आनोकुतारा सान्म्याकु सान्बोदाइ’. ओळखलंत? ‘अनुत्तरा सम्यक्संबोधि’. जिच्याहून वरचं काही नाही अशी, यथार्थ आणि संपूर्ण जाग. महायानाच्या अनेक सूत्रांत येणारा हा पारिभाषिक शब्द. चिनी भाषांतरकारांनी याचा अर्थ न देता नुसता उच्चार चिनी लिपीत उतरवला, जपान्यांनी ती अक्षरं आपल्या जिभेने वाचली. अशा रीतीने १९७२ मध्ये जपानच्या गल्लीबोळांत पोरं संस्कृत बोलत होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

नायकाची सात रूपं म्हणजे आठवड्याचे सात वार. चंद्र, अग्नी, जल, वृक्ष, सुवर्ण, पृथ्वी आणि सूर्य. जपानी वारांची नावं हीच आहेत. आपले सोम आणि रवि जसेच्या तसे. मधल्या पाच ग्रहांना चिनी पंचतत्त्वांची नावं मिळाली, म्हणून मंगळ झाला अग्नी आणि बुध झाला जल. ही वारांची माळ जपानात पोहोचली तीही बौद्ध वाटेने. अमोघवज्र आचार्यांनी आठव्या शतकात चिनी भाषेत आणलेला ग्रहनक्षत्रांचा ग्रंथ कूकाई या भिक्षूने नवव्या शतकाच्या आरंभी आपल्याबरोबर जपानात नेला. तेव्हा या नायकाच्या अंगावरचा रंगीत पोशाख कितीही स्वस्त दिसो, त्याचा धागा फार लांबचा आहे.

आणि गुरूचं नाव? दाइबा दात्ता म्हणजे देवदत्त. आमच्यासारख्यांना देवदत्त म्हटलं की आधी मीमांसकांचा देवदत्त आठवतो. तो लठ्ठ आहे, दिवसा जेवत नाही, त्याअर्थी रात्री जेवत असला पाहिजे. हे अर्थापत्तीचं नेहमीचं उदाहरण. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल. पण बौद्ध परंपरेतला देवदत्त वेगळा. तो बुद्धाचा चुलतभाऊ आणि वैरी. संघ फोडणारा, बुद्धावर शिळा ढकलणारा, मत्त हत्ती सोडणारा. तरीही सद्धर्मपुण्डरीक सूत्रात एक अख्खं प्रकरण त्याच्या नावावर आहे. तिथे बुद्ध सांगतात, की पूर्वजन्मी हाच आपला गुरू होता आणि पुढे हाही बुद्ध होणार आहे. निचिरेन पंथाचा आधारग्रंथ हाच. त्या पंथाच्या मंदिरात वाढलेल्या माणसाने गुरूला हे नाव दिलं, ते त्या प्रकरणाला स्मरून दिलं असं आम्ही मानतो. ज्याला जग शत्रू म्हणतं त्याच्यापाशी आपल्याला शिकवण्यासारखं काहीतरी असतं, ही शिकवण त्या नावातच आहे.

आता शत्रूकडे वळू. त्यांच्या संघटनेचं नाव ‘शिने शिने दान’. ‘शिने’ म्हणजे ‘मर!’ तेव्हा मराठीत सरळ ‘मरा मरा मंडळ’ म्हणू. यांना जग नको आहे, राज्य नको आहे. यांना जपानी माणूस नावाची जमात पृथ्वीवरून पुसून टाकायची आहे. का? तर युद्धकाळात जपान्यांनी केलेल्या अत्याचारांचा सूड म्हणून. म्होरक्या आहे मिस्टर के. त्याचा देश सांगितलेला नाही.

मित्रहो, हे मुलांच्या कार्यक्रमात आलं आहे हे विसरू नका. ज्यांचे आजोबा, वडील, काका त्या युद्धात चीन, ब्रह्मदेश, फिलिपाइन्स इथे लढून आले, त्या घरांतली ही मुलं. कित्येक घरांत त्या विषयावर कोणी तोंड उघडत नव्हतं. आणि शुक्रवारी संध्याकाळी पडद्यावरून कोणीतरी सांगतं, की जगात तुमचा द्वेष करणारी माणसं आहेत आणि त्या द्वेषाला कारण आहे.

इथे अर्थापत्ती लावा. देवदत्त लठ्ठ दिसतो, खाताना दिसत नाही, म्हणून रात्रीचं जेवण मानावं लागतं. मिस्टर केचा द्वेष दर आठवड्याला दिसतो, पण त्याच्यावर जे गुदरलं त्याचा तपशील मालिका फारसा देत नाही. तो प्रेक्षकाने मानून घ्यायचा. प्रौढ प्रेक्षक मानेल, कारण त्याला रात्र ठाऊक आहे. मुलाला ती रात्र कोणी दाखवलेलीच नाही. त्याच्यापुरता देवदत्त नुसताच लठ्ठ राहतो, म्हणजे मिस्टर के नुसताच दुष्ट.

तारखांकडे जरा बघा. मालिका सुरू होण्याच्या बरोबर एक आठवडा आधी, २९ सप्टेंबर १९७२ ला, पेकिंगमध्ये जपानचे पंतप्रधान ताकाना नव्हे, तानाका, आणि चीनचे चौ एन-लाय यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. दोन देशांचे संबंध पूर्ववत झाले आणि चीनने युद्धाच्या नुकसानभरपाईची मागणी सोडून दिली. त्याआधी ब्रह्मदेश, फिलिपाइन्स, इंडोनेशिया यांच्याशी पन्नाशीच्या दशकात भरपाईचे करार झाले होते. आणि भारत? भारत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला गेलाच नाही. ९ जून १९५२ ला त्याने जपानशी स्वतंत्र शांतता-करार केला आणि भरपाईचे सगळे दावे सोडले. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, नेहरूंनी तोक्योच्या मुलांसाठी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण उएनोच्या प्राणिसंग्रहालयात पाठवली होती.

आम्ही जोडतो आहोत ते असं, की जपानी नायकाला गुरू मिळाला तो अशा देशात, ज्याने जपानपुढे बिल ठेवलं नव्हतं. ज्यांनी ठेवलं असतं ते सगळे पडद्यावर बिनदेशाचे झाले आणि मरा मरा मंडळात गेले. क्षमा करणाऱ्याला नाव, गाव, डोंगर मिळाला. आरोप करणाऱ्याला नुसतं एक अक्षर मिळालं, के.

यात भारताचंही चित्र थोडं खोटं आहे. १९४२ ते १९४५ अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं. हेरगिरीच्या संशयावरून तिथल्या भारतीयांचे हालहाल झाले, १९४४ च्या जानेवारीत एका दिवसात चव्वेचाळीस माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे आपल्याकडेही तक्रार होतीच. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचंही तसंच. तोक्योच्या खटल्यात त्यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं, एवढंच जपानमध्ये पुष्कळांच्या लक्षात राहिलं. अत्याचार घडले हे त्यांनी नाकारलेलं नव्हतं, हे मागे पडलं. दावा सोडणं आणि दावाच नव्हता असं म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावकाराने कर्ज माफ केलं म्हणून कर्ज घेतलंच नव्हतं असं होत नाही.

आता या मालिकेतल्या चेटुकाचा मुद्दा. मरा मरा मंडळात साधी माणसं थोडीच आहेत. तिथे इग्वाना नावाची चेटकीण आहे, पुढे तिची आई गॉड इग्वाना येते, शेवटच्या टप्प्यात यंत्रमानवांची फौज येते. कथा जसजशी पुढे जाते तसतशी तक्रार मागे जाते आणि जादू पुढे येते. आमचा आक्षेप इथे आहे. माणसाने आरोप केला तर त्याला उत्तर द्यावं लागतं. चेटकिणीने केला तर तिला मारलं की पुरे होतं. शत्रूला अमानुष करण्याचा हा फायदा फार जुना आहे. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त दशावतारांच्या कथा असुरांच्या बाजूने वाचल्या, त्या याच संशयाने. राक्षस हे नाव कोणी कोणाला दिलं, हे आधी विचारा, असं ते सांगत होते.

नटांची निवडही पाहण्यासारखी आहे. मिस्टर के झाले आहेत आकिहिको हिराता. १९५४ च्या ‘गॉडझिला’त डॉक्टर सेरिझावा होते ते हेच. युद्धात एक डोळा गमावलेला शास्त्रज्ञ. आपण शोधलेलं संहारक अस्त्र पुन्हा कोणाच्या हाती पडू नये, म्हणून तो स्वतःचा जीव देतो. म्हणजे जो चेहरा अठरा वर्षांपूर्वी युद्धाची टोचणी घेऊन आला होता, तोच इथे युद्धाचा सूड घेऊन आला आहे. मोठ्या माणसांना तो चेहरा ओळखीचा होता. आणि गॉड इग्वाना झालेल्या माचिको सोगा यांना तुमच्या घरातल्या मुलांनीही पाहिलं आहे. ‘पॉवर रेंजर्स’मधली चेटकीण रीटा आठवते? सुरुवातीच्या भागांत दिसते ती याच बाईंची, एका जपानी मालिकेतून उचललेली, चित्रफीत. त्या रीटाला मात्र कसलीच तक्रार नाही. ती दुष्ट आहे आणि खूश आहे. वीस वर्षांत चेटकीण उरली आणि तिचं कारण गळून गेलं.

एवढं सगळं असूनही आम्ही ही मालिका मोडीत काढायला तयार नाही. तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत, की त्या तिच्या दोषांहून मोठ्या आहेत.

पहिली, योगनिद्रा. रूपांतरात सगळी शक्ती खर्च झाली की ताकेशी ध्यानाच्या आसनात बसतो आणि दगडासारखा निश्चल होतो. काही तास तो पूर्ण असहाय असतो. कोणीही यावं आणि टपली मारून जावं. आता पतंजलींनी विभूतिपादात सिद्धी सांगितल्या आणि तिथेच बजावलं, की समाधीच्या वाटेवर या अडथळा ठरतात. संबोधीचा मंत्र ताकद मिळवण्यासाठी वापरणं ही खरं तर त्या मंत्राची अवहेलनाच. पण मालिका त्या ताकदीची किंमत वसूल करते. जिंकलेला माणूस लगेच दुबळा होतो. विजयानंतर मिरवणूक नाही, सक्तीची स्तब्धता आहे. युद्धानंतर जपानने अशी बैठक कधी घातली का, हा प्रश्न कुणा मुलाच्या मनात आला नसेलही, पण ते चित्र त्याच्या मनात राहिलं असणार.

दुसरी गोष्ट, शत्रूच्या योजना. पहिल्या योजनेत लोकांना वेड लावणारं औषध आहे, ते ठीक. दुसरी योजना अशी, की एका नव्या धर्मपंथाच्या आडून खोट्या नोटा वाटायच्या. देवाच्या नावाने फुकट पैसा. लोक तो घेतात, बाजारात धावतात, भाव भडकतात, देश आतून पोखरतो. इथे चेटुक जवळजवळ लागतच नाही. शत्रूने फक्त नोटा छापल्या, बाकीचं काम लोकांच्या हावेने केलं. मालिका संपली आणि महिन्याभरात तेलाचं संकट आलं. जपानी गृहिणी टॉयलेट पेपरसाठी दुकानांपुढे रांगा लावू लागल्या, साठेबाजी झाली, भाव चढले. तिथे मरा मरा मंडळाचा एकही माणूस नव्हता. अलौकिक शत्रूचं खरं बळ आपल्या मनातल्या तृष्णेत असतं, हा विचार बौद्ध आहे आणि तो इथे उपदेश न करता सांगितला गेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मरा मरा म्हणता म्हणता वाल्याच्या तोंडी राम आला, ही आपली जुनी गोष्ट. ती घडली कशी? नारदाने वाल्याला मारलं नाही, एक प्रश्न विचारला. तुझ्या पापाचे वाटेकरी कोण, घरी जाऊन विचारून ये. या मालिकेत ताकेशीला त्याचा नारद भेटला. आडदांड पोराला देवदत्ताने वळण लावलं. मिस्टर केकडे मात्र कोणी नारद पाठवला नाही. आणि खरं सांगायचं तर नारदाचा तो प्रश्न मिस्टर केपेक्षा ताकेशीलाच जास्त लागू आहे. ज्या पापाचा सूड घ्यायला हे लोक आले, त्याचे वाटेकरी कोण? १९७२ मधली सात वर्षांची मुलं खासच नव्हेत. त्यांचा काही दोष नाही, त्यांना वाचवायलाच हवं, आणि रेनबोमॅन त्यांना वाचवतो हे योग्यच आहे. संपूर्ण जमातीला मारायला निघालेल्या माणसाची तक्रार खरी असली तरी त्याचा मार्ग खरा ठरत नाही. पण त्याचा हात धरून ठेवायचा आणि त्याचं म्हणणंही ऐकायचं, ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात. पहिलं रेनबोमॅन करतो. दुसरं करायला ‘न्यायाचा सोबती’ हवा होता. कावाउचींनी तो घडवला होता आणि ऐन वेळी त्याला कुस्तीला धाडलं.

म्हणून आमचा निवाडा असा. ही मालिका आपल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. पण तिने प्रश्न लपवला नाही, मुलांपुढे मांडला, हे तिचं मोल. त्या काळातल्या पुष्कळ पाठ्यपुस्तकांहून ती इतकी तरी प्रामाणिक आहे. घरी नातवंडांबरोबर असलं काही पाहायची वेळ आली तर खलनायक कसा मेला हे विचारू नका. तो रागावला का होता, एवढं विचारा. उत्तर त्यांना ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून शोधा.

काही शंका असतील तर जरूर विचारा.